पायथ्याशी बसलेली चार माणसं

अठराव्या वर्षापर्यंत ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं अशा माणसाचा पुतळा कसा घडवायचा? राजाला घोडा देता येतो, सेनापतीला तलवार. कवीच्या हातात कागद दिला आणि नजर जरा वर लावली की भागतं. पण जॉर्ज स्टीफन्सनला काय द्यायचं? बाप खाणीवरच्या पंपाच्या भट्टीत कोळसा टाकायचा. पोरानं आधी दोन पेन्स रोजावर दुसऱ्याच्या गाई राखल्या, मग खाणीवर कोळशातले दगड वेचले, मग बापाच्या हाताखाली भट्टीवर लागला. तोच पोर १८४८ साली म्हातारा होऊन मेला तेव्हा इंग्लंडभर हजारो मैल लोहमार्ग पसरलेला होता आणि ‘रेल्वेचा जनक’ म्हणून लोक त्याचं नाव घेत होते. त्याला बसवायचं की उभं करायचं, अंगावर काय घालायचं, याची त्या काळच्या शिल्पकारांची बरीच पंचाईत झालेली दिसते.

जॉन गिब्सननं ही पंचाईत अंगाला लावूनच घेतली नाही. तो रोममध्ये राहायचा, संगमरवरात काम करायचा, आणि प्राचीन ग्रीकांनी शिल्पकलेचा शेवटचा शब्द बोलून ठेवलाय अशी त्याची पक्की श्रद्धा होती. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये त्यानं घडवलेला स्टीफन्सन विचारात गढून बसलेला आहे. अंगावर कोट नाही, विजार नाही. जुन्या तत्त्ववेत्त्याचं सैल, चुण्याचुण्यांचं वस्त्र. खाली नाव नसतं तर आर्किमिडीज म्हणून सहज खपला असता. ज्या माणसानं उमेदवारीच्या दिवसांत चार पैसे जास्त मिळावेत म्हणून रात्री जोडे शिवले आणि शेजाऱ्यांची घड्याळं दुरुस्त केली, त्याला गिब्सननं एका फटक्यात दोन हजार वर्षं मागे नेऊन स्वच्छ करून टाकलं.

दुसरा पुतळा एडवर्ड हॉजेस बेलीचा. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उंच खांबावर नेल्सन उभा आहे तो याच बेलीनं घडवलेला. त्याचा स्टीफन्सन उभा आहे, आपल्या काळाच्या पोशाखात आहे. १८५४ पासून तो युस्टन स्टेशनाच्या भव्य दालनात होता. १९६० च्या दशकात ते जुनं युस्टन पाडलं, आणि आता पुतळा यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. या पुतळ्याची मला आवडणारी गोष्ट संगमरवरात नाही, वर्गणीच्या यादीत आहे. मोठमोठ्या रकमा देणारे शे-दोनशे प्रतिष्ठित लोक होतेच, पण तीन हजारांहून जास्त कामगारांनी प्रत्येकी दोन शिलिंग दिले होते. दोन शिलिंग म्हणजे साध्या मजुराची जवळपास दिवसभराची कमाई. ते पैसे त्यांनी आर्किमिडीजसाठी दिले नव्हते.

हे दोन्ही पुतळे मी छायाचित्रांतच पाहिले आहेत. तिसरा मात्र डोळे भरून पाहिला. मुलगी उत्तर इंग्लंडात शिकत होती, तिच्याकडे गेलो असताना न्यूकॅसलला उतरलो. सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडून उजवीकडे थोडं चाललं की रस्त्याच्या फाट्यावर उंच चौथऱ्यावर काळपट ब्राँझचा स्टीफन्सन उभा दिसतो. पोशाख एकोणिसाव्या शतकातलाच, पण खांद्यावरून नॉर्थम्बरलंडच्या मेंढपाळांची पांघरायची घोंगडी अशी काही घेतलेली की लांबून रोमन झगाच वाटावा. शिल्पकारानं दोन्ही दगडांवर पाय ठेवलेत, असं वाटून मी जरा हसलोच. मग नजर खाली आली. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार माणसं टेकून बसली आहेत. एकाजवळ खाणीतला दिवा आहे तो खाणकामगार, दुसऱ्याजवळ ऐरण आहे तो लोहार, तिसऱ्याजवळ रुळाचा तुकडा म्हणजे आपल्याकडचा गँगमन, आणि चौथा इंजिनवाला. मुलगी वरच्या माणसाचे फोटो काढत होती. मी तिला म्हटलं, “अगं, आधी खालच्यांचे काढ.”

त्याला कारण आहे. माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. घरात त्यांचा एकच मोठा फोटो होता, निवृत्तीच्या समारंभातला. गळ्यात हार, हातात नारळ आणि अंगात धाकट्या काकांचा कोट. ज्या निळ्या डांगरीत त्यांनी सगळं आयुष्य काढलं, तिच्यातला एकही फोटो नाही. फोटो काढायचा म्हणजे नीट कपडे घालायचे, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, अण्णांना तर मुळीच नाही. त्यामुळे गिब्सनला मी फार नावं ठेवू शकत नाही. मोठा झालेला कामगार आपल्या चित्रात कामगार दिसू नये, ही इच्छा त्याच्या चाहत्यांइतकीच बहुधा त्याचीही असते.

न्यूकॅसलचा पुतळा घडवणारा जॉन ग्रॅहम लफ त्याच मुलखातला होता. गरीब घरातला, गवंड्याकडे दगड फोडायला शिकलेला. १८२५ च्या सुमारास लंडनला गेला आणि ब्रिटिश म्युझियममधली पार्थेनॉनची शिल्पं पाहून पाहून शिकला. एका भाजीवाल्याच्या दुकानावरची खोली त्यानं भाड्यानं घेतली होती. तिथं मायलो नावाच्या ग्रीक मल्लाची मूर्ती मातीत घडवायला घेतली. मूर्ती वाढता वाढता छताला टेकली, तेव्हा यानं छत फोडून वाट काढली. घरमालकाचं काय झालं ते सोडा, पण लंडनच्या कलाजगतात या किश्श्यानं त्याचं नाव झालं. अक्षरशत्रू घरातून वर आलेल्या इंजिनिअरचा पुतळा १८६२ साली उघडला गेला तेव्हा तो घडवणाराही औपचारिक शिक्षणाच्या बाहेरूनच आलेला होता. तरी लफनंसुद्धा चारही कामगारांना जवळजवळ उघडं, पीळदार आणि ग्रीक केलंच. गंमत म्हणजे यात निम्मं खरंही आहे. त्या काळी खोल खाणीतल्या उकाड्यात कोळसा फोडणारे अर्धेमुर्धे उघडेच असत. ग्रीक आदर्शाच्या नादात लफ चुकून वास्तवाच्या जवळ जाऊन पोचला, असं म्हणायला हरकत नाही.

त्या खाणकामगाराजवळचा दिवा मात्र नुसती सजावट नाही. खाणीत मिथेन वायू साठायचा. उघड्या ज्योतीच्या दिव्यानं स्फोट व्हायचा आणि माणसं मरायची. १८१५ साली स्टीफन्सन किलिंगवर्थच्या खाणीत इंजिनं सांभाळायच्या कामावर होता. ते काम त्याला कसं मिळालं तेही ऐकण्यासारखं आहे. १८११ साली तिथला पाणी उपसायचा पंप कुणालाच धड चालवता येईना. यानं तो खोलला, दुरुस्त केला आणि खाण कोरडी करून दाखवली. प्रमाणपत्र म्हणाल तर एवढंच. पुढे त्यानं काचेच्या चिमणीभोवती बारीक भोकांची व्यवस्था करून एक दिवा बनवला. बारीक छिद्रांतून हवा आत जाते पण ज्योत उलटी बाहेर येत नाही, हे तत्त्व त्याला रसायनशास्त्रातून कळलं नव्हतं, पाहून पाहून उमगलं होतं. ऑक्टोबर १८१५ मध्ये हा पठ्ठ्या पेटता दिवा हातात धरून खाणीत जिथं वायू फुसफुसत बाहेर येत होता तिथं स्वतः गेला. बरोबरची माणसं मागे थांबली. दिवा विझला, स्फोट झाला नाही.

त्याच सुमारास लंडनमध्ये सर हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञानं जाळीचा दिवा शोधून काढला. मग जे व्हायचं ते झालं. खाणमालकांनी डेव्हीला दोन हजार पौंड दिले आणि स्टीफन्सनला शंभर गिनी. शाळेत न गेलेला इंजिनवाला असलं काही शोधूच शकत नाही, त्यानं कल्पना चोरली असणार, असंही बोललं गेलं. न्यूकॅसलच्या लोकांना याचा राग आला आणि त्यांनी वर्गणी काढून त्याला एक हजार पौंडांची थैली दिली. पुढे १८३३ मध्ये संसदेच्या समितीनं दोघांचाही हक्क मान्य केला. इतरत्र डेव्हीचा दिवा वापरला गेला, आणि न्यूकॅसलच्या आसपास पुढेही बरीच वर्षं स्टीफन्सनचा ‘जॉर्डी’ दिवाच चालला. पुतळ्याच्या कोपऱ्यातला दिवा हे त्या भांडणातलं न्यूकॅसलचं ब्राँझमधलं उत्तर आहे, असं मी मानतो.

आता ‘स्वयंशिक्षित’ या बिरुदाबद्दल थोडं. स्टीफन्सनला ते फार लाडानं लावलं जातं, आणि पुतळ्यात तो एकटा उंचावर उभा असल्यानं ते पटतंही. पण तो एकट्यानं शिकला नाही. अठराव्या वर्षी खाणीवरची पाळी संपवून तो रात्रशाळेत जाऊ लागला. गणित शिकवायला एक स्कॉटिश मास्तर होता. भट्टीपाशी कामातून उसंत मिळाली की तो पाटीवर गणितं सोडवायचा आणि संध्याकाळी ती तपासून घ्यायचा. बायको फॅनी १८०६ मध्ये वारली तेव्हा मुलगा रॉबर्ट तीन वर्षांचाही झालेला नव्हता. आपल्याला जे मिळालं नाही ते पोराला मिळालंच पाहिजे म्हणून त्यानं रॉबर्टला न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातलं. जाण्यायेण्यासाठी गाढवही घेऊन दिलं. शाळा सुटली की रॉबर्ट लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या वाचनालयात जायचा. जी पुस्तकं घरी न्यायला मिळत नसत त्यांतल्या यंत्रांची चित्रं उतरवून आणायचा आणि रात्री बापलेक ती समोर ठेवून बसायचे. १८१६ साली दोघांनी मिळून घराच्या दारावर लावायला दगडी सूर्यतबकडी बनवली. तिच्यासाठी अक्षांशाचं गणित करावं लागतं, ते मुलानं पुस्तकातून आणलं. दगड बापानं कोरला. त्या तबकडीमुळे वेस्ट मूरचं ते घर प्रसिद्ध झालं. माझ्या मते स्टीफन्सनचं सगळ्यात खरं चित्र तेच आहे. मुलगा बापाला शिकवतोय आणि बाप निमूटपणे शिकतोय, असं चित्र कुणी शिल्पकार चौथऱ्यावर ठेवत नाही, एवढंच.

या शिक्षणातल्या भेगाही होत्या, त्या झाकण्यात अर्थ नाही. वाफेचं इंजिन त्यानं शोधलेलं नव्हतं. ट्रेव्हिथिकनं १८०४ मध्येच रुळांवर इंजिन चालवून दाखवलं होतं. स्टीफन्सनचं कर्तृत्व इंजिन, रूळ, भराव, पूल आणि चढ या सगळ्यांचं मिळून एक यंत्र आहे हे ओळखण्यात होतं. पण लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाचं विधेयक १८२५ मध्ये संसदेपुढे आलं तेव्हा विरोधकांचे वकील एडवर्ड ऑल्डरसन यांनी त्याची अक्षरशः सालं काढली. मोजणी हाताखालच्यांवर सोपवलेली होती, तिच्यातले उंचीचे आकडे चुकले होते, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला ते सावरता आले नाहीत. त्यात त्याची ती घट्ट नॉर्थम्ब्रियन बोली लंडनच्या वकिलांना हसायला पुरेशी होती. विधेयक पडलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या शिकलेल्या इंजिनिअरांच्या मोजणीवर ते मंजूर झालं, आणि काम करायला मात्र पुन्हा यालाच बोलवावं लागलं. वाटेत चॅट मॉस नावाची अफाट दलदल होती, तिच्यावरून रेल्वे नेणं हा वेडेपणा आहे असं जाणकारांनी साक्षीत सांगितलं होतं. यानं काटक्या आणि झुडपांच्या विणलेल्या ताट्या थरावर थर टाकून लोहमार्ग दलदलीवर तरंगत ठेवला. तो मार्ग आजही वापरात आहे. १८२९ मध्ये रेनहिलच्या चाचणीत पाचशे पौंडांचं बक्षीस जिंकणारं ‘रॉकेट’ मात्र मुख्यतः रॉबर्टच्या देखरेखीखाली बनलं. शाळेत गेलेल्या पोरानं बापाचा हिशेब चुकता केला म्हणायचा.

चढाच्या बाबतीत म्हातारा हट्टी होता. गाडी सपाटीवर चालायला हवी, डोंगर आडवा आला तर वळसा घालावा, हे त्याचं म्हणणं. स्कॉटलंडच्या वाटेवर शॅपचा डोंगर टाळून समुद्रकाठानं जा असं त्यानं सांगितलं. त्याचाच शिष्य जोसेफ लॉक याने न ऐकता सरळ डोंगरावरून मार्ग नेला. हे वाचताना मला दरवेळी सह्याद्री आठवतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर होता रॉबर्ट स्टीफन्सन, आणि मुंबईला मुख्य इंजिनिअर म्हणून आलेला जेम्स बर्कली रॉबर्टच्या हाताखाली तयार झालेला. त्या बर्कलीनं बोरघाटात ३७ फुटांत १ फूट असा चढ आखला, २५ बोगदे आखले, आणि खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवायचं स्टेशन ठेवलं; १८६३ मध्ये घाट पार झाला. थोरल्या स्टीफन्सननं हा नकाशा पाहिला असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. त्याचं ४ फूट साडेआठ इंचांचं रुळांमधलं अंतरही डलहौसीनं आपल्याकडे येऊ दिलं नाही; आपल्या गाड्या साडेपाच फुटांवर धावल्या. मुंबईच्या रेल्वेत ते माप आलं थेट २०१४ साली, वर्सोवा-घाटकोपर मेट्रोबरोबर. ईशान्य इंग्लंडातल्या कोळशाच्या घोडागाड्यांचं माप घाटकोपरच्या गर्दीखाली आहे, हे त्या गर्दीला सांगायला कुणाला वेळ नाही.

बोरघाटात एका वेळी चाळीस हजारांपर्यंत माणसं राबत होती. कड्यावरून दोर सोडून त्याला लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडणारे होते, पटकीनं पटापट मेलेले होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे दगडी मुखवटे आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभाई आहेत, आपले नाना शंकरशेटही आहेत, आणि ते तिथं असणं योग्यच आहे. घुमटावर हातात मशाल घेतलेली ‘प्रगती’ उभी आहे. पण घमेलं डोक्यावर घेतलेलं, पहार हातात धरलेलं कुणी त्या इमारतीवर मला अजून दिसलेलं नाही. माकडं, मोर, वाघ, सिंह, पानंफुलं सगळी आहेत. लफवर मी टीका केली, पण मोठ्या माणसाचं स्मारक करताना त्याच्या पायाशी त्या धंद्यातली चार माणसं त्याच ब्राँझमध्ये बसवायचं त्याला सुचलं, याचं मोल कमी नाही. ती वरच्याच्या चरणी लीन नाहीत. हात जोडलेले नाहीत. आपापली हत्यारं घेऊन जरा दमून बसली आहेत. स्टीफन्सनला काढून टाकलं तरी त्या चौघांचं स्मारक तिथं शिल्लक राहील. त्या चौघांना काढलं तर वर राहील तो नुसता घोंगडी घेतलेला एक सभ्य गृहस्थ. म्हणून तिघांत लफचा पुतळा मला सरस वाटतो, कारागिरीत गिब्सन त्याच्यापेक्षा कितीतरी वरचढ असूनही.

स्टीफन्सनला सर ही पदवी देऊ केली होती, ती त्यानं नाकारली. शेवटची वर्षं चेस्टरफील्डजवळच्या टॅप्टन हाउसमध्ये अननस पिकवण्यात आणि काकड्या सरळ वाढाव्यात म्हणून त्यांना काचेच्या नळ्या घालण्यात काढली. तो तिथल्याच चर्चमध्ये पुरला गेला. मुलगा वेस्टमिन्स्टर ॲबीत.

न्यूकॅसलला गेलात तर पुतळ्यापाशी थांबा, चौघांना निवांत बघून घ्या, आणि मग तसेच पुढे चार पावलं चाला. तिथं त्याच लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीची १८२५ मधली इमारत आहे आणि तिचं वाचनालय चालू आहे. याच संस्थेत डिसेंबर १८१५ मध्ये स्टीफन्सननं आपला दिवा मांडून दाखवला होता. बोलायची भीड वाटत असल्यानं त्याच्यासाठी खाणीतला त्याचा सहकारी निकोलस वूड बोलत होता, आणि वूड चुकायला लागल्यावर याला राहवेना म्हणून हा मध्ये तोंड घालून आपल्या बोलीत सगळं समजावून गेला, असं सांगतात. पुढे ही संस्था कर्जात बुडाली. तेव्हा जगप्रसिद्ध झालेल्या रॉबर्टनं निम्मं कर्ज स्वतः फेडायची तयारी दाखवली. अटी दोनच: उरलेलं सभासदांनी उभं करायचं, आणि वर्षाची वर्गणी दोन गिनींची एक गिनी करायची. सभासदांनी त्या मान्य केल्या आणि वर्गणी एक गिनी झाली.